छायाचं तोंड कुणाकडे?

माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळेत गुरुजी म्हणायचे, "हौसा, तुझी वेलांटी वारा असंल तिकडं वळती." चौथीनंतर शाळा सुटली आणि वेलांटी तशीच राहिली. जिथे चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. तसं वाचणारं कुणी नाही म्हणा. माझ्यापुरतंच लिहिते आहे आणि लिहून झालं की धान्याच्या कोठीमागे ठेवून देणार आहे.

लिहायचं कारण कुसुम. आमच्या दवाखान्याने यंदा दिवाळीला एक छोटं पुस्तक काढलं. त्यात जुन्या कामगारांच्या आठवणी आहेत. कुसुमचा फोटो आहे, कानात कुड्या घातलेला. खाली छापलंय, 'लुळ्या मुलांच्या तोंडाची निगा राखण्यात कुसुमताईंचा हातखंडा होता.' माझं नाव कुठेच नाही. मला विचारायला कुणी आलं नव्हतं असं नाही. दोघे जण आले होते, वही-पेन घेऊन. मी पदर तोंडाला लावला, "माझं काय असतंय," म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. चहा उकळेपर्यंत ते कंटाळून कुसुमच्या घरी निघून गेले. तिने त्यांना चहा न देताच एवढं सगळं सांगितलं असणार.

तर मी पिंपरीला एका दवाखान्यात आया होते. आमच्याकडे चार खाटांची एक काचेची खोली होती. डॉक्टर तिला आयसीयू म्हणायचे, पेशंटचे नातेवाईक काचखोलीच म्हणायचे. त्यातल्या दोन खाटांवर बहुतेक वेळा मुलं असायची. अंगातली ताकद जाते ना, तसल्या आजाराची मुलं. कुणाला जन्मापासून, कुणाला पोलिओने, कुणाला साध्या तापानंतर. पायापासून लुळेपणा सुरू होतो, तो चढत चढत छातीपर्यंत जातो. मग श्वास घ्यायचीही ताकद राहत नाही. गळ्याला भोक पाडून नळी घालतात आणि मशीन श्वास देतं. डोकं मात्र शाबूत असतं. मुलाला सगळं कळतं, ऐकू येतं, राग येतो, आई गेली की समजतं. फक्त अंग ऐकत नाही.

अशा मुलाचं तोंड साफ ठेवणं हे माझं काम.

लोकांना ते काम वाटायचंच नाही. माझी जाऊ म्हणाली, "एवढ्या मोठ्या दवाखान्यात जाऊन पोरांचं दात घासतीस व्हय?" मी म्हटलं, "व्हय." पुढे काय सांगणार? पण इथे सांगते. आपण दिवसभर थुंकी गिळत असतो, त्याचा आपल्याला पत्ताही नसतो. या मुलांना गिळता येत नाही. थुंकी तोंडात साचते, तिथे घाण धरते आणि नकळत फुप्फुसात उतरते. मग ताप येतो. दातांच्या किटणापायी मूल दगावू शकतं, हे मला आमच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. पुढे बसला.

हे डॉक्टर चिंचवडहून स्कूटरवर दर गुरुवारी यायचे. गुरुवारी आमच्या भागात वीज बंद, कंपन्यांना सुट्टी, त्यांचंही दातांचं मशीन बंद. म्हणून त्या दिवशी ते आमच्या मुलांचे. त्यांनीच मला शिकवलं. डोकं एका कुशीला वळवायचं. आधी नळीने थुंकी ओढून घ्यायची, मग चिमट्याला गॉज गुंडाळून सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, घट्ट पिळायचं आणि एकेक दात पुसायचा. गालाच्या आतून, जिभेवरून, टाळूवरून. मग परत ओढायचं. शेवटी ओठांना ग्लिसरीन. गॉज ओलं राहिलं आणि पाण्याचा थेंब मागे गेला तर सगळंच उलटं. वीज नसेल तेव्हा श्वासाचं मशीन जनरेटरवर चालायचं, पण ओढायचं मशीन पायाने दाबायचं, शिवणाच्या मशीनसारखं.

यात हाताने करायचा भाग सोपा. अवघड काय, तर मुलाने तोंड उघडणं. कुणाचा जबडा लुळा, कुणाचा आवळलेला. चाकणचा एक मुलगा होता, दात-ओठ मिटून पडून राहायचा. मी त्याच्या गालाच्या कोपऱ्यात बोट ठेवून नुसती थांबायची. जोर करायचा नाही, बोलायचं नाही. मला तसंही बोलता येत नाही. थोड्या वेळाने जबडा आपोआप सैल व्हायचा. एके दिवशी सैल झाला आणि त्याने माझं बोट असं कचकन चावलं की रक्त आलं. मी ओरडले. दातांचे डॉक्टर धावत आले, बोट बघितलं आणि टाळ्या वाजवायला लागले. म्हणाले, "जबड्यात ताकद आली!" त्याच्या बापाने माझ्या जखमेवर पेढे वाटले. कामाचं एवढं कौतुक मला परत कधी मिळालं नाही.

आमच्यात एक बोली पडली होती. पाळी बदलताना सिस्टर विचारायच्या, "आज अमक्याचं तोंड कुणाकडे?" म्हणजे कुणी साफ करायचं. "हौसाबाईकडे," असं उत्तर आलं की मला आतून बरं वाटायचं. ज्याचं तोंड माझ्याकडे, ते मूल तेवढ्या दिवसापुरतं माझंच. मला तीन मुलगे आहेत, पण त्यांची तोंडं कधी माझ्या ताब्यात आली नाहीत.

मग कुसुम आली. संत तुकाराम नगरात राहायची. नवरा कंपनीत, अंगावर धुवट साडी, तोंडाला कुलूप नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "आक्का, तुमच्याकडून शिकायचंय मला. सिस्टर म्हणाल्या, हौसाबाई देवमाणूस आहे, फक्त देवासारखीच बोलत नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण बोललं ते लागलं.

मी तिला शिकवलं. काही हातचं राखलं नाही. ती लवकर शिकली, हे मला आवडलं नाही. ती मुलांपुढे नाक मुरडायची, डोळे तिरके करायची, गॉजच्या चिमट्याचा बगळा करायची. "आला बगळा, मासा कुठाय? गालात लपला!" मुलं तोंड उघडायची. मी जिथे बोट ठेवून वाट बघत बसायची, तिथे हिचं काम झालेलंही असायचं. दुपारच्या चहाला ती मशेरी लावून बसायची. मी एकदा दातांच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं, "पोरांच्या दाताला हात लावायचा अन् आपण मशेरी लावायची, बरं दिसतं का?" त्यांनी दोघींना खिडकीशी बोलावून आमचे दात बघितले. माझे चार किडलेले निघाले, तिचा एकही नाही. डॉक्टर तिला मशेरी सोड म्हणाले, पण मला दात काढावे लागले.

छाया आली तेव्हा सहा-सात वर्षांची होती. सांगवीला भाड्याच्या खोलीत राहणारं कुटुंब. बाप भोसरीकडे एका कारखान्यात लेथवर. मूळचे बीडकडचे. आल्या-गेल्याला "जय भीम" म्हणायचे आणि डॉक्टरांशी बोलताना चपला काढून उभे राहायचे. आई घरोघरी भांडी घासायची आणि भेटीच्या वेळेला चारला बसने यायची. पोरीला ताप आला, दोन दिवसांनी पाय उचलेनात, मग हात, मग श्वास. आणली तेव्हा डोळ्यांच्या पापण्या तेवढ्या हलत होत्या.

छायाचं तोंड माझ्याकडे आलं. हे मात्र खरं आहे, पुस्तकात काहीही छापलेलं असो. पहिले कितीतरी आठवडे ते माझ्याचकडे होतं. तिच्याशी बोलायची खूण मी ठरवली. एकदा पापणी मिटली म्हणजे होय, डोळे गच्च मिटले म्हणजे नाही. पाणी कडू आहे का? गच्च. दुखतंय का? गच्च. आई आली होती का? एकदा, हलकेच. तिचा एकेक दात मला पाठ होता. दुधाचे दात, तांदळाच्या कण्यांसारखे. खालचा पुढचा एक हलायला लागला होता, तोही मलाच आधी कळला.

डॉक्टर म्हणायचे, बरी व्हायला लागली की चेहरा आधी हलेल. मी रोज सकाळी गॉज फिरवताना तिच्या ओठांकडे बघायची. कोपरा जरा हलला की माझा जीव हलायचा. मला वाटायचं, ही पहिल्यांदा हसेल ती माझ्याकडे बघून. मी ते सिस्टरांनाही बोलले नव्हते. दोन दिवस मुलाच्या सोयरिकीसाठी रजा घेतली. परत आले तर कुसुम दारातच उभी. "आक्का, आक्का, छाया हसली! बगळ्याला हसली!"

मी म्हटलं, "बरं झालं." आणि बादली उचलून मोरीत गेले.

तेव्हापासून छायाचं तोंड आमच्या दोघींत वाटून दिलं. सकाळी माझ्याकडे, दुपारनंतर कुसुमकडे. ओठ हलायला लागल्यावर छाया बोलायची, पण गळ्यात नळी असल्याने आवाज येत नसे. नुसते ओठ. ते कुसुमला वाचता यायचे. मला नाही. ती छायाच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणायची, "काय? पुऱ्या? पुऱ्या हव्यात बाईसाहेबांना!" आणि छायाचे डोळे चमकायचे. मला ते ओठ नुसते मासोळीसारखे दिसायचे. मी घरी आरशापुढे उभी राहून आवाज न काढता बोलून बघायची, कुठल्या शब्दाला ओठ कसे होतात ते. नवऱ्याने एकदा बघितलं. म्हणाला, "बरी हायस ना?"

कुसुमचं काम झालं की मी हळूच जाऊन छायाचं तोंड तपासायची. कुठे मळ राहिला का, कुठे गॉजचा धागा राहिला का. कधी काही सापडत नसे. तरी बघायची.

एका गुरुवारी दातांचे डॉक्टर म्हणाले, खालचा दात आता फारच हलतोय. गळ्यात नळी असलेल्या मुलाचा दात सुटून मागे गेला तर श्वासनळीत उतरायचा. पण ओढून काढला तर हिरडीतून रक्त येईल, ते तरी कुठे जाणार? म्हणून रेशमाच्या काळ्या दोऱ्याने दात बांधायचा आणि दोऱ्याचं टोक गालाला पट्टीने चिकटवायचं. दात सुटला तरी दोऱ्याला लटकून राहील. बांधायचं काम मला दिलं. मी बांधला. अशी गाठ की बैल ओढला तरी सुटणार नाही.

त्या दिवशी एक बाई आली नव्हती म्हणून मी दुपारीही थांबले. छायाचं तोंड कुसुमकडे, बाकी खाटा माझ्याकडे. चारला छायाची आई आली, तासभर बसली, गेली. कुसुम खाली औषधं आणायला गेली तशी मी सवयीने छायाच्या खाटेशी गेले आणि लाकडी पट्टीने ओठ बाजूला केला.

दात नव्हता. दोराही नव्हता. गालावरची पट्टी तेवढी अर्धी लोंबत होती.

मी सिस्टरांना हाक मारली. सिस्टर केरळच्या, घाबरल्या की हिंदी बोलायच्या. "दात किधर गया? कुसुम! दात किधर है?" कुसुम धावत आली. उशी झटकली, चादर झटकली, खाटेखाली रांगलो. ओढायच्या मशीनची बाटली गाळून बघितली. काही नाही.

"आईशपथ सिस्टर, मी साडेतीनला पुसलं तेव्हा होता," कुसुम म्हणाली.

"अन् आत्ता न्हाई," मी म्हणाले.

मोठे डॉक्टर आले. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, "उजवीकडे आवाज कमी वाटतोय." गुरुवार, वीज नाही, छातीच्या फोटोचं मशीन बंद. जनरेटरवर ते चालत नसे. दात फुप्फुसात असेल तर दुर्बीण घालून काढायचा, आणि ती सोय पुण्याला. म्हणजे छायाला श्वासाच्या मशीनवरून काढायचं, हाताने रबरी फुगा दाबत दाबत ॲम्ब्युलन्समधून खड्ड्यांच्या रस्त्याने न्यायचं. डॉक्टर सिस्टरांना हळू बोलले, पण आम्ही ऐकलंच. "वाटेत काहीही होऊ शकतं. पण इथे थांबण्यात जास्त धोका आहे." नामदेव ड्रायव्हरला गाडी दारात लावायला सांगितलं.

मग डॉक्टर कुसुमकडे वळले. "तुझ्या पाळीत गेलाय. बाहेर थांब तू. आत येऊ नकोस."

कुसुम पदराने डोळे पुसत बाहेर गेली. खरं लिहायचं म्हणून बसले आहे तर लिहिते, एक क्षण मला गार वाटलं. बगळा उडाला, असं वाटलं. मग मी छायाकडे बघितलं.

ती बोलत होती. डॉक्टर फुगा जोडायच्या तयारीत, सिस्टर औषधं भरतायत, आणि ही ओठ हलवतेय. मी वाकले. ओठांचा चंबू झाला. ऊ. म्हटलं ऊन? खिडकीचा पडदा ओढला. तिने डोळे गच्च मिटले. ऊब? पांघरूण वर घेतलं. परत गच्च. पुन्हा तोच चंबू, पुन्हा पुन्हा, आणि डोळ्यांतून पाणी. मला काही कळेना. महिनोन्महिने जिच्या तोंडात माझी बोटं होती, तिचा एक शब्द मला वाचता येईना.

मी डॉक्टरांपुढे आपणहून कधी बोलले नव्हते. विचारलं तर "व्हय" किंवा "न्हाई". त्या दिवशी ओरडलेच. "कुसुमला बोलवा!"

डॉक्टर मागे न बघता म्हणाले, "आत्ता नाही, हौसाबाई."

"तिला व्हट वाचता येत्यात."

"काय वाचता येतं?"

"व्हट." मी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. "पोरगी काहीतरी सांगायलीय. मला कळंना. तिला कळतंय."

त्यांनी उत्तर द्यायच्या आत मी बाहेर पळाले. कुसुम जिन्याखाली पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती.

"ऊठ."

"आक्का, मी खरंच नाही हो..."

"ऊठ म्हणते ना. छाया बोलतीय. मला वाचता येत न्हाई."

हे शेवटचं वाक्य तिच्यासमोर बोलताना माझ्या जिभेला कडू लागलं. आजही लिहिताना लागतंय.

कुसुम खाटेशी गेली, हाताने डोळे कोरडे केले आणि छायाच्या तोंडाशी वाकली. "सांग गं बाय. काय? ऊ... उंदीर?" छायाची पापणी एकदा मिटली. "उंदीरमामा! उंदीरमामाला दिला? कुणी? आईनं?" पापणी. "कुठे टाकला? वर? वर कुठे... पत्र्यावर?" पापणी. आणि छाया हसली.

कुसुम रडत रडत हसायला लागली. "डॉक्टर, हिच्या आईनं दात पत्र्यावर टाकलाय!"

सिस्टरांना काही कळेना. डॉक्टर आमच्याच मुलखातले. त्यांच्या हातातला फुगा खाली आला. आपल्याकडे मुलाचा दुधाचा दात पडला की शेणात नाहीतर चिखलात गुंडाळून कौलावर टाकतात. 'उंदीरमामा, माझा दात तुला, तुझा दात मला,' असं म्हणायचं. म्हणजे नवा दात उंदरासारखा बारीक आणि पक्का येतो. त्यांनी स्वतः किती टाकले असतील. पण काचखोलीतल्या मुलाचा दातही दातच असतो, त्यालाही उंदीर लागतो, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"खात्री करा," डॉक्टर म्हणाले.

नामदेव ड्रायव्हर गाडी चालू ठेवून दारात उभा होता. त्याने शिडी लावली आणि व्हरांड्याच्या पत्र्यावर चढला. आम्ही सगळ्या खाली माना वर करून उभ्या. तो वरून ओरडत होता, "एक चप्पल हाय! वाटी हाय, ही मेसची हरवल्याली! हां, थांबा, थांबा!" खाली आला तेव्हा त्याच्या तळहातावर बागेतल्या चिखलाचा वाळलेला गोळा होता आणि त्यातून काळा दोरा लोंबत होता. डॉक्टरांनी तो पाण्यात धुतला, उजेडात धरला. दात अख्खा होता. छातीतला आवाज साचलेल्या बेडक्याने कमी झाला होता. ओढून घेतल्यावर मोकळा झाला.

डॉक्टर म्हणाले, "शाबास, कुसुम." दात अजून दोऱ्यात घट्ट होता. माझ्या गाठीकडे कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी छायाच्या आईला सिस्टर रागावल्या. ती बिचारी गोंधळली. "मी तोंड पुसाया गेले तर दात हातातच आला बाई. लेकराचा पहिला दात. आमच्या खोलीवर स्लॅब हाय, तिथं उंदीर कुठून यायचा? हितं पत्रा दिसला. अन् टाकल्यावर माघारी बघू न्हाई, कुणाला सांगू न्हाई, आमच्यात तशीच रीत हाय. तिच्या कानात सांगितलं तेवढं." दातांच्या डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारी सगळ्या मुलांच्या आई-बापांना गोळा करून सांगितलं, "दात पडला तर आधी आम्हाला दाखवा, मग खुशाल उंदराला द्या. शिडी आमची." तेव्हापासून आमच्याकडे तसाच नियम झाला.

आणखी एक झालं. सोमवारी पाळी बदलताना सिस्टरांनी विचारलं, "छायाचं तोंड कुणाकडे?" आणि मोठे डॉक्टर दारातून म्हणाले, "कुसुमकडेच ठेवा आता. पोरगी तिच्याशी बोलते." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मीच तर ओरडून सांगितलं होतं. मी त्या दिवसापासून छायाची भांडी आणि चादरी केल्या.

छाया सावकाश सुधारली. हात हलले, श्वास आपला आपण घ्यायला लागली. पण गिळणं पुरतं आलं नव्हतं आणि गळ्यातली नळी काही महिने ठेवायची होती. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण पायाचं ओढायचं मशीन घरी पाहिजे. ते विकत घ्यायचं. बापाच्या कारखान्यात टाळेबंदी चालू होती. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

कुसुम म्हणाली, "आपण सगळ्या मिळून वर्गणी काढू. मी पहिली देते." आणि ओच्यातून पाकीटही काढलं.

"वर्गणी नको," मी म्हणाले. "मी देते समदं."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी पोस्टात पैसे साठवले होते, कुड्या करायला. कुसुमच्या कानात बघून बघून साठवले होते. त्या मशीनमध्ये कुसुमचा एक रुपयाही असू नये, एवढंच माझ्या मनात होतं. छायाला घरी रोज ज्या मशीनने श्वास मोकळा होईल, ते माझं असावं. बाप पाया पडायला वाकला. मी मागे सरले. म्हणाला, "मावशी, पै न पै फेडीन." मी म्हटलं, "घाई न्हाई."

खरोखरच घाई नव्हती. टाळेबंदी उठल्यावर तो दर महिन्याच्या पगारानंतरच्या गुरुवारी सायकलवर माझ्या घरी यायला लागला. पुढच्या दांडीवर छाया. आधी गळ्याला रुमाल बांधलेली, मग भोक बुजल्यावर नुसती खूण. तिचा आवाज मी पहिल्यांदा माझ्या उंबऱ्यावर ऐकला. जाडसर, बापासारखा. म्हणाली, "मावशी, तुमचा हात गार असायचा." मी तिला दारातल्या उजेडात बसवायची. "आ कर." ती आ करायची. नवा दात आला होता, कडा करवतीसारख्या. मी तिला लहान ब्रश आणून दिला, कसा फिरवायचा ते दाखवलं. बाप पैसे देवापुढे ठेवायचा, चहा प्यायचा आणि दोघं जायचे. कधी पैसे कमी आणले की तो ओशाळायचा. मी म्हणायची, "राहू दे, पुढल्या महिन्याला दे." मला तो हिशोब लांबलेलाच बरा वाटत होता. त्या गुरुवारी मी सकाळपासून दारात झाडून ठेवायची आणि मुलांना घरात पसारा करू देत नसे.

मग एका गुरुवारी तो नवा सदरा घालून आला. छाया आता सायकलवरून उडी मारून उतरली आणि स्वतःच्या पायांनी आत आली. मी म्हटलं, "आ कर." तिने केलं, पण घाईघाईत. वरचे दोन्ही पुढचे आले होते, सरळ, पांढरे. माझं बघून व्हायच्या आत ती बापाला म्हणाली, "बाबा, चला ना. कुसुममावशी वाट बघत असंल. तिनं आज पुऱ्या करते म्हणून सांगितलंय."

मी विचारलं, "कुसुमकडं पण जाता?"

"दर गुरुवारी जातो," छाया म्हणाली. "हितं आलो तरी हितनं तिकडंच जातो."

बाप जरा हसला. "तिच्याकडं काय, असंच. पोरीला करमत न्हाई तिच्याबिगर." मग त्याने खिशातून नोटा काढल्या, या वेळी देवापुढे न ठेवता माझ्या हातात दिल्या. "मावशी, ही शेवटची. आज तुमचं समदं फिटलं. मोजून घ्या."

छाया दारात सायकलची घंटा वाजवत उभी होती. मी उंबऱ्यावर बसले आणि मोजले. एकही रुपया कमी नव्हता.